फोडांचा एक दुर्मिळ बालरोग आणि शरीराची राखण

नवी वहाण पायात घातली की पहिले चार दिवस ती चावते, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेल. टाचेवर फोड येतो, तो फुटतो, दोन दिवस झोंबतो, आणि आठवड्याच्या आत तेथे नवी कातडी येते. पुढे त्या फोडाची आठवणही राहत नाही. परंतु काही मुले अशी जन्माला येतात की त्यांना फोड येण्यासाठी वहाण लागत नाही. आईने काखेत हात घालून उचलले, अंगरख्याची शिवण घासली, दुपट्यावर टाच घासली, एवढे पुरे होते. कित्येकदा जन्मतःच पायाच्या नडगीवर कातडी नसते. फोड भरतो, फुटतो, आणि जखम बरी होते न होते तोच तेथे दुसरा फोड उठतो. फुलपाखराच्या पंखासारखी नाजूक कातडी म्हणून पाश्चात्य देशांत या मुलांना 'फुलपाखरी मुले' म्हणतात. वैद्यकात या रोगाला एपिडर्मोलिसिस बुलोसा असे लांबलचक नाव आहे. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात 'ईबी' म्हणतात. आम्हीही तेच नाव वापरू.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिच्या अभावी पुष्कळ क्रौर्य घडते. हा रोग संसर्गजन्य नाही. तो देवीचा कोप नव्हे, नागीण नव्हे, कुष्ठ नव्हे, आणि आईने गरोदरपणी काही खाल्ल्या-न खाल्ल्याचा परिणामही नव्हे. अशा मुलाला जवळ घेतल्याने कोणालाही काही होत नाही. जपायचे ते त्या मुलाला.

आता आजच्या विषयाकडे वळू. हा रोग कातडीचा, हे तर उघडच दिसते. मग त्याचा शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींशी आणि प्रतिपिंडांशी, संबंध काय? शंभर वर्षांहून अधिक काळ 'फारसा नाही' असेच उत्तर दिले जाई. व्हिएन्नाचे विख्यात त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड हेब्रा यांनी १८७० साली या विकाराची नोंद केली, आणि ब्रेस्लाऊचे कोबनर यांनी १८८६ साली त्याला आजचे नाव दिले. स्वीडनचे बालरोगतज्ज्ञ हर्लिट्झ यांनी १९३५ साली त्याच्या एका प्राणघातक प्रकाराचे वर्णन केले. या सर्वांचे लक्ष कातडीवर होते, आणि ते स्वाभाविकही होते. पण गेल्या काही दशकांत असे दिसून आले की, या मुलांचे हाल होतात ते केवळ कातडी सुटते म्हणून नव्हे. सुटलेल्या कातडीपायी शरीराची राखण करणारी सगळी यंत्रणा बारमाही लढाईवर उभी राहते, आणि ती लढाई शरीर पोखरते. हीच गोष्ट आज उलगडून सांगायची आहे.

प्रथम कातडीची रचना पाहू. आपल्या आजीने शिवलेली गोधडी डोळ्यांपुढे आणावी. वरचे कापड वेगळे, खालचे वेगळे. मध्ये धावदोऱ्याचे बारीक टाके असतात म्हणून दोन्ही एकजीव राहतात. टाके उसवले की गोधडी ओढताच वरचे कापड एकीकडे सरकते आणि खालचे दुसरीकडे. आपल्या कातडीचेही असेच आहे. वर बाह्यत्वचा, खाली अंतस्त्वचा, आणि मध्ये निरनिराळ्या प्रथिनांचे टाके. ईबीत यांपैकी कोणता तरी टाका जन्मतःच कच्चा असतो किंवा मुळी नसतोच.

कोणता टाका कच्चा आहे यावरून रोगाचे चार मुख्य प्रकार पडतात. पहिल्या, साध्या प्रकारात बाह्यत्वचेच्या तळच्या पेशींतील केराटिन नावाचे तंतू सदोष असतात. याची जनुकीय कारणे १९९१ साली सापडली. दुसऱ्या प्रकारात दोन थरांच्या सांध्यावरील लॅमिनिन वगैरे प्रथिने बिघडलेली असतात. तिसऱ्यात सातव्या क्रमांकाच्या कोलॅजनचा दोष असतो. हे कोलॅजन नांगराच्या दोरासारखे वरच्या थराला खालच्या थरात रोवून धरते. त्याचे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर असून त्यातील दोष १९९३ साली उघडकीस आले. चौथा प्रकार किंडलर या नावाने ओळखला जातो व तो फार विरळ आहे.

तिसऱ्या प्रकारात काही घराण्यांत रोग आईबापांपैकी एकाकडून येतो व बहुधा सौम्य असतो. परंतु आईबाप दोघांकडूनही सदोष जनुक आले तर रोग उग्र रूप धारण करतो. आईबाप दिसायला निरोगी असतात, कारण त्यांच्याकडे एक सदोष व एक चांगले असे जोड जनुक असते. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल अनेक समाजांत आहे. एकाच आजोबांकडून आलेले सदोष जनुक अशा विवाहात दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा संभव वाढतो. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. ज्या घरात असे मूल आहे तेथे पुढच्या अपत्यापूर्वी जनुकांची तपासणी करून सल्ला घेता येतो, एवढे ध्यानात असावे. येथून पुढे आम्ही मुख्यतः या उग्र प्रकाराविषयी बोलणार आहोत.

आता राखणीकडे वळू. पूर्वी गावोगाव जागल्या असे. रात्री चोर आला तर त्याने आरोळी द्यावी, गाव जागे करावे, चोर पळाला की गावाने पुन्हा झोपावे. निरोगी माणसाच्या जखमेत हेच घडते. कातडी फाटताच तेथील पेशी रासायनिक आरोळी देतात. रक्तवाहिन्या फुगतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतू गिळतात, मेलेला भाग साफ करतात. जखमेभोवती लाली, ऊब, सूज आणि ठणका जाणवतो तो याच धावपळीचा. यालाच दाह म्हणतात. काम झाले की दुसरे संदेश सुटतात, दाह ओसरतो आणि कातडी सांधली जाते. दाह हा शत्रू नव्हे. वेळेवर आला आणि वेळेवर गेला तर तो आपला रक्षकच आहे.

ईबीच्या मुलाच्या अंगावर मात्र एक जखम भरते तो दुसरी उघडते. दार कधी बंदच होत नाही. उघड्या जखमांवर जंतू वस्ती करतात. त्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा गळवे उठवणारा जंतू प्रमुख होय. जागल्याची आरोळी दिवसरात्र चालू राहते. इंटरल्यूकिन-६ नावाचा एक संदेशवाहक पदार्थ आहे. तो जखमेपुरता न राहता रक्तात उतरतो आणि सर्वांगाला 'लढाई चालू आहे' असे कळवीत राहतो. उग्र ईबीच्या मुलांच्या रक्तात हा पदार्थ आणि दाहाच्या इतर खुणा वाढलेल्या आढळतात.

याचा परिणाम काय होतो, ते एका उदाहरणाने सांगतो. ही मुले पांढरीफटक दिसतात. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन पुष्कळ कमी असते. जखमांतून रक्त जाते आणि खाणे कमी, ही कारणे तर खरीच. पण लोहाच्या गोळ्या किंवा पातळ औषध देऊनही रक्त हवे तसे वाढत नाही, तेव्हा आईबाप चकित होतात. त्याचे कारण असे की इंटरल्यूकिन-६ च्या हुकुमावरून यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य तयार करते आणि ते द्रव्य शरीरातील लोहाच्या कोठाराला कुलूप घालते. जंतूंनाही वाढीसाठी लोह लागते. लढाईच्या काळात ते त्यांच्या हाती लागू नये अशी ही निसर्गाची योजना आहे. चार दिवसांच्या तापात ती उपयोगी पडते. लढाई वर्षानुवर्षे चालली तर मात्र कोठारात लोह असूनही मुलाचे रक्त उपाशी राहते, आणि आतड्यातून नवे लोह शोषले जाणेही मंदावते. म्हणूनच अशा मुलांना कित्येकदा शिरेतून लोह द्यावे लागते, कधी रक्तही.

वाढीचेही तेच. या मुलांच्या तोंडात व अन्ननलिकेतही फोड येतात. व्रण पडून अन्ननलिका अरुंद होते व गिळणे कठीण जाते. आधीच थोडे खाल्ले जाते, त्यातले पुष्कळसे जखमा भरण्यात खर्च होते, आणि दाह उरलेली वाढ खुंटवतो. दीर्घ दाहाचा आणखी एक उशिरा दिसणारा परिणाम म्हणजे यकृताने सतत बनवलेले एक प्रथिन मूत्रपिंडात साचून ते निकामी होऊ लागणे. कातडीचा रोग म्हणून आरंभ झालेली कथा अशी मूत्रपिंडापर्यंत पोहोचते, आणि ही मजल ती दाहाच्या वाटेने गाठते.

येथे कोणी विचारील की, प्रतिकारव्यवस्था एवढी जागी असेल तर जंतूंचा बंदोबस्त तरी चांगला होत असेल? दुर्दैवाने तसेही नाही. जागल्या ओरडतो पुष्कळ, पण त्याच्या अंगात बळ नसते. जखमांतून लस वाहते तिच्याबरोबर शरीराची प्रथिने जातात, आणि प्रतिपिंड हीही प्रथिनेच असल्याने तीही गळतात. कुपोषणाने पांढऱ्या पेशी दुबळ्या होतात. उग्र प्रकारच्या रुग्णांत नैसर्गिक मारक पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचे काम मंद असल्याचे १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिसून आले होते. त्यामुळे जखमेतला जंतू रक्तात शिरून सर्वांगात विष पसरण्याची भीती या मुलांना, विशेषतः तान्ह्यांना, फार असते.

या दुबळेपणाचे सगळे कारण गळती आणि कुपोषण हेच असावे असे पुष्कळ वर्षे मानले गेले. परंतु २०१८ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील संशोधकांनी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आणली. कातडीचा टाका म्हणून आपण ज्याला ओळखतो ते सातवे कोलॅजन त्यांना प्लीहेत, म्हणजे पाणथरीत, आणि लसिकाग्रंथींतही सापडले. ही प्रतिकारव्यवस्थेची ठाणी होत. तेथे हे कोलॅजन कॉक्लिन नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनाला धरून ठेवते. जंतू आले की कॉक्लिनचा एक तुकडा सुटतो आणि पांढऱ्या पेशींना त्या जंतूंवर धाडतो. ज्या उंदरांत सातवे कोलॅजन नव्हते त्यांच्यात कॉक्लिनही टिकेना, आणि त्यांच्या अंगावर जंतू माजले. बाहेरून कॉक्लिन दिल्यावर जंतू हटले. ही गोष्ट उंदरांची आहे आणि तिचे अजून औषध झालेले नाही. पण तिने एक जुना समज ढासळला. या मुलांचा जागल्या केवळ दमलेला आहे असे नाही. त्याची काठी ज्या खुंटीला टांगलेली असायची ती खुंटीच काही अंशी नाही. जो दोष कातडीत तोच राखणीतही!

लढाईचा तिसरा परिणाम व्रणांचा. दाह लांबला की जखमेत चिवट तंतू साचतात. ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर बीटा हा संदेशवाहक पदार्थ या कामी पुढाकार घेतो. हातांची बोटे एकमेकांना चिकटत जातात आणि अखेर हाताची मूठ वळून तशीच राहते. इटलीतील दोन एकसारख्या जुळ्या भावंडांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. दोघांचे जनुक एकच, दोष एकच, तरी एकाचा रोग सौम्य आणि दुसऱ्याचा तीव्र. फरकाचा शोध घेता तो याच पदार्थाच्या जोरात आढळला. म्हणजे जनुक बदलता आले नाही तरी दाह आणि व्रण आवरला तर रोगाचे रूप बदलू शकते, अशी आशा या जुळ्यांनी दाखवली. रक्तदाबासाठी आपल्याकडे हजारो लोक लोसार्टन नावाची गोळी घेतात. ती या पदार्थाचा जोर कमी करते म्हणून जर्मनीत ईबीच्या मुलांवर तिची चाचणी घेण्यात आली.

या व्रणांतून पुढे जे उद्भवते ते सांगणे कठीण आहे, पण सांगितले पाहिजे. वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेत कातडीचा कर्करोग होतो, आणि तो उन्हाने होणाऱ्या नेहमीच्या कर्करोगापेक्षा फार आक्रमक असतो. अमेरिकेतील राष्ट्रीय नोंदणीच्या आधारे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार, उग्र प्रकारच्या रुग्णांत पंचावन्नाव्या वर्षापर्यंत हा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे नव्वद टक्के होती. २०१८ सालच्या एका अभ्यासात या गाठींच्या जनुकांमध्ये ज्या खुणा सापडल्या त्यांचा रोख अपोबेक नावाच्या विकरांकडे होता. ही विकरे विषाणूंची जनुके तोडण्यासाठी आपल्या पेशींनी बाळगलेली शस्त्रे आहेत. सततच्या धुमश्चक्रीत ती घरच्याच जनुकांवर चालली, असे म्हणावे लागते. म्हणूनच मुलाच्या वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षापासून, जी जखम भरत नाही, वेगळी दिसते किंवा अधिक दुखते, ती डॉक्टरांना दाखवण्याची सवय घराने लावून घ्यावी.

आता थोडे वेगळ्या दिशेने पाहू. फोडांचे असेही काही रोग आहेत की जेथे जनुक ठीक, टाका ठीक, पण प्रतिकारव्यवस्थाच चुकून त्या टाक्यावर हल्ला करते. पेम्फिगस हा त्यांपैकी सर्वांत परिचित. आणखी एका रोगात प्रतिपिंडे नेमकी सातव्या कोलॅजनवरच चालून जातात. त्याचे नावही ईबीच, फक्त पुढे 'अर्जित' असे विशेषण. एकात टाका जन्मतः नाही; दुसऱ्यात टाका आहे, पण जागल्यानेच तो कापला. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीत फोडच दिसतात. परंतु उपचार अगदी भिन्न आहेत. पेम्फिगससारख्या रोगात प्रतिकारव्यवस्था दाबणारी स्टिरॉइडसारखी औषधे प्राण वाचवतात. जन्मजात ईबीत तीच औषधे महिनोन्‌महिने पोटातून दिली तर टाका काही तयार होत नाही, आणि जंतूंना मात्र रान मोकळे मिळते. म्हणून 'फोड येतात, अमक्याला या गोळीने गुण आला' असे ऐकून परस्पर औषध देणे फार धोक्याचे आहे. कातडीचा लहानसा नमुना घेऊन, प्रकाशमान केलेल्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने कोणता टाका हजर आहे आणि कोणता गैरहजर, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. जनुकांची तपासणी त्यावर शिक्कामोर्तब करते.

या दोन रोगांमधली भिंतही पूर्ण बंद नाही. जन्मजात ईबीच्या काही रुग्णांच्या रक्तात कातडीच्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे आढळली आहेत. वारंवार फाटणाऱ्या कातडीतून जी प्रथिने एरवी दडलेली असतात ती उघडी पडतात, आणि जागल्या त्यांची नोंद घेतो, असा त्याचा अर्थ लावतात. ही प्रतिपिंडे स्वतः किती अपाय करतात हा वादाचा प्रश्न आहे. पण नव्या उपचारांच्या दृष्टीने तो जिव्हाळ्याचा ठरतो. ज्या मुलाच्या शरीराने सातवे कोलॅजन जन्मात कधी पाहिले नाही, त्याला ते बाहेरून दिले तर त्याची प्रतिकारव्यवस्था त्याला औषध समजेल की परका समजेल?

या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या मार्गांनी शोधली गेली. अमेरिकेतील मिनेसोटा येथे उग्र ईबीच्या मुलांना दुसऱ्याची अस्थिमज्जा देण्याचा प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २०१० साली प्रसिद्ध झाला. जागल्याच बदलून टाकायचा, आणि नव्या मज्जेतील पेशींनी कातडीत जाऊन सातवे कोलॅजन द्यायचे, अशी ही धाडसी कल्पना. सात मुलांपैकी एक मूल रोपणापूर्वीच हृदयविकाराने दगावले. सहांवर रोपण झाले. सर्वांच्या जखमा भरण्यात सुधारणा दिसली, पाचांच्या कातडीत कोलॅजन वाढले. पण त्या सहांपैकी एक मूल मज्जा न रुजल्याने व जंतुसंसर्गाने गेले. लाभ खरा, आणि त्याची किंमतही खरी.

दुसरी हकीकत जर्मनीतील बोखुम गावची. २०१५ साली तेथे सात वर्षांचा एक मुलगा आला. त्याचे कुटुंब सीरियातून आलेले निर्वासित होते. त्याला दुसऱ्या प्रकारचा ईबी होता, आणि जंतुसंसर्गाने त्याच्या अंगावरची बहुतेक बाह्यत्वचा गेली होती. बापाने आपली कातडी दिली. ती टिकली नाही, मुलाच्या शरीराने ती झिडकारली. बापाचे प्रेम प्रतिकारव्यवस्थेला कळत नाही. तिला फक्त आपले आणि परके कळते. तेव्हा इटलीतील मोदेना येथील संशोधक मिकेले दे लुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मुलाच्याच उरलेल्या धड कातडीचा लहानसा तुकडा घेतला, त्यातील पेशींत दुरुस्त जनुक घातले, त्या पेशी वाढवून त्यांचे तक्ते केले, आणि ते बोखुमला शस्त्रक्रियेने बसवले. अंगाचा सुमारे ऐंशी टक्के भाग असा मढवला. २०१७ साली या उपचाराचा वृत्तांत जगापुढे आला तेव्हा तो मुलगा शाळेत जात होता. पेशी त्याच्याच होत्या, म्हणून जागल्याने त्यांना दार उघडले.

तिसरा मार्ग जखमेवर लावण्याच्या औषधाचा. ओठावर 'जर मुतणे' आपल्याला ठाऊक आहे. ते ज्या विषाणूने होते त्याची प्रजननशक्ती काढून घेऊन, त्याच्या पोटात सातव्या कोलॅजनचे जनुक घालून, त्याचे मलमासारखे औषध केले आहे. विषाणू निवडला तोही विचार करून, कारण प्रतिकारव्यवस्थेची नजर चुकवण्यात तो वाकबगार आहे. एकतीस रुग्णांवर घेतलेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रत्येकाच्या सारख्याच दोन जखमा निवडल्या. एकीवर औषध, दुसरीवर नुसते मलम. सहा महिन्यांनी औषधाच्या जखमांपैकी सदुसष्ट टक्के पूर्ण भरल्या होत्या, नुसत्या मलमाच्या बावीस टक्के. अंगात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे असूनही जखमेवर वरचेवर लावलेले औषध काम करीत राहिले. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. हे औषध फार महागडे आहे आणि सर्वसामान्य घराच्या आवाक्यापलीकडचे आहे, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मग आपल्या गावात, आपल्या आळीत, अशा मुलाच्या घराने काय करावे? वर सांगितलेल्या शास्त्रातूनच याचे उत्तर निघते. जखम जितकी लवकर झाकली जाईल आणि जितकी स्वच्छ राहील, तितकी जागल्याला विश्रांती, आणि तितके रक्त, वाढ व मूत्रपिंड सुरक्षित. फोड आपोआप मोठा होत जातो, म्हणून डॉक्टर वा परिचारिकेकडून शिकून घेऊन तो निर्जंतुक सुईने खालच्या बाजूने टोचावा, पाणी काढावे, आणि वरचे कातडे तसेच राहू द्यावे. ते निसर्गाने दिलेले झाकण आहे. त्यावर न चिकटणारी पट्टी ठेवावी व ती सैल बांधावी. चिकटपट्टी अंगाला कधीही लावू नये. हळद, राख, पाल्याचा लगदा असे काही भरू नये; ते वाळून चिकटते आणि काढताना नवी कातडी घेऊन येते. प्रतिजैविकांची मलमे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून महिनोन्‌महिने लावू नयेत, जंतू त्यांना सरावतात. मुलाला काखेत धरून उचलू नये. एक हात पाठीमानेखाली आणि एक बैठकीखाली घालून, अंथरुणासकट उचलावे. ताप आला, मूल मलूल झाले, जखमेला दुर्गंधी सुटली, तर वाट पाहू नये. लसी टाळू नयेत. टोचणाऱ्याला फक्त मुलाच्या कातडीची आधी कल्पना द्यावी. आणि खाणे मऊ, पण सकस असावे. दूध, तूप, मऊ खिचडी, अंडे, वरण यांतूनच त्या राखणदाराची भाकर येते.

या सगळ्याला रोज तास-दोन तास लागतात, कधी अधिक. पट्ट्या बदलताना मूल रडते, आणि आईला ते करावेच लागते. १९७८ साली इंग्लंडमध्ये फिलिस हिल्टन नावाच्या एका आईने, आपल्या डेब्रा नावाच्या मुलीला हा रोग आहे म्हणून, अशा घरांची एक संघटना काढली. मुलीच्या नावावरून ती 'डेब्रा' म्हणून ओळखली जाते आणि अनेक देशांत तिच्या शाखा झाल्या आहेत. एका आईला जे जमले त्याचे कारण असे की, तिने दुसऱ्या आयांना शोधून काढले. ईबीच्या घराला सर्वांत जड जातो तो एकाकीपणा. पाहुणे येईनासे होतात, बारशाचे बोलावणे चुकवले जाते, शाळेत 'याला वेगळे बसवा' म्हणतात.

तेथे आपला, म्हणजे या व्याख्यानास जमलेल्या निरोगी माणसांचा, संबंध येतो. आपल्यापैकी कोणी शिक्षक असेल, कोणी दुकानदार, कोणी शेजारी. अशा मुलाचे औषध आपल्या हाती नाही, पण त्याची शाळा, त्याचा खेळ आणि त्याच्या आईची तासाभराची विश्रांती हे थोडेफार आपल्या हाती आहे. वर्गात त्याच्या बाकावर मऊ आसन टाकावे, दाराशी गर्दीत त्याला धक्का लागणार नाही असे पाहावे, आणि इतर मुलांना 'हे लागत नाही' एवढे एकदा नीट सांगावे.

त्याने हात पुढे केला तर आपणही हात पुढे करावा. फक्त तो ओढू नये.